पडद्यावर आलेली नोटीस

पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ती संध्याकाळ हटकून यायची. कोड लिहिताना एका ठिकाणी दोन कोलन नको तिथे पडायचे आणि पडद्यावर ओळ उमटायची: 'पार्स एरर: सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टी_पामायिम_नेकुदोतायिम'. सुरुवातीचं इंग्रजी कसंबसं कळायचं. शेवटचा शब्द मात्र कुठल्याच डिक्शनरीत सापडायचा नाही. व्हायरस आला असावा, असं वाटून कॉम्प्युटर बंद करणारेही होते.

शब्द हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ 'दुहेरी कोलन'. तो पीएचपीत कसा आला, त्याची गोष्ट छोटी आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेर्डोर्फनं १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटी हत्यारं तयार केली आणि १९९५ च्या जूनमध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. पुढे इस्रायलच्या हैफा शहरातल्या टेक्निऑन या संस्थेतले झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स हे दोन विद्यार्थी त्यात शिरले. त्यांनी भाषेचा गाभा नव्यानं लिहिला. १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं, २००० मध्ये पीएचपी ४, आणि त्यामागच्या इंजिनाला दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून 'झेंड' हे नाव मिळालं. दोन कोलनांच्या खुणेला त्यांनी हिब्रू नाव दिलं. अलिबाग-पेणकडून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरातला एखादा मराठी प्रोग्रॅमर असेल, तर त्याला ही एरर पहिल्या फटक्यात कळली असेल. बाकी मराठी मुलुखाला ती कळली नाही.

या ओळीत खोटं काहीच नव्हतं. चूक काय, कुठे, सगळं बरोबर सांगितलेलं होतं. फक्त ती ज्याला उद्देशून लिहिली होती तो माणूस लिहिणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेला होता. एरर मेसेज ही एक चिठ्ठी असते. वेबवरच्या निम्म्या तक्रारी मला तरी चिठ्ठी चुकीच्या दारात पडल्याच्याच वाटतात. कारागिराची चिठ्ठी गिऱ्हाइकाला मिळते, गिऱ्हाइकाची कुणालाच मिळत नाही, आणि काही चिठ्ठ्या कारागीर स्वतःच न वाचता चुलीत घालतो.

पीएचपीवर मी इतकं रेंगाळतोय त्याला कारण आहे. विकिपीडिया, मराठी विकिपीडियासकट, पीएचपीवर चालतो. वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे आणि मराठीतल्या अगणित साइट्स वर्डप्रेसवर उभ्या आहेत. शिवाय ही भाषा एका बाबतीत फार मोकळी आहे. चुकलं तरी ती सहसा थांबत नाही. कुरकुरते, पडद्यावर एक ओळ टाकते आणि पुढे चालू लागते.

त्या कुरकुरीला पायऱ्या आहेत. सगळ्यांत सौम्य ती नोटीस, मग वॉर्निंग, आणि शेवटी फेटल एरर, म्हणजे तिथेच काम बंद. आपल्याकडे हा क्रम जरा उलटा वाटतो. वॉर्निंग देऊन सोडलं म्हणजे सुटलो. घरी नोटीस आली की मात्र आई देवाजवळ दिवा लावते आणि वडील वकिलाचा नंबर शोधतात. पीएचपीत नोटिशीला कुणी विचारत नाही.

गावातल्या वाचनालयाच्या वर्गणीचं एक साधं पान घेऊ. प्रोग्रॅमरनं एका ठिकाणी 'वर्गणी' नावाच्या चलात रक्कम ठेवली आणि हिशेब करताना 'वर्गनी' असं लिहिलं. अशा नावाचं काही अस्तित्वातच नाही. जुनी पीएचपी अशा वेळी नोटीस द्यायची, त्या जागी रिकामी किंमत धरायची आणि पुढे जायची. वॉर्निंगचं उदाहरण म्हणजे पानाच्या तळाचा भाग वेगळ्या फाईलमध्ये आहे आणि ती फाईलच जागेवर नाही. ती 'इन्क्लूड' या आज्ञेनं मागवली असेल, तर वॉर्निंग येते आणि पान बिनतळाचं का होईना, दिसतं. तीच फाईल 'रिक्वायर'नं मागवली असेल तर फेटल एरर, पान तिथेच संपलं. दोन आज्ञा करतात एकच काम. मिळालं नाही तर काय करायचं, एवढाच त्यांच्यात फरक.

आता यातलं जास्त नुकसान कशानं झालं? तळ नसलेलं पान पाहून कुणीतरी फोन करील. 'वर्गनी'मुळे मात्र वर्षभर प्रत्येक सभासदाची जमा रक्कम शून्य लिहिली जाईल आणि मार्चमध्ये खजिनदार डोक्याला हात लावून बसेल. म्हणजे नोटीस, वॉर्निंग, फेटल ही उतरंड तुमच्या नुकसानीची नव्हेच. इंजिनाला पुढे चालता येतं की नाही, एवढंच ती सांगते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८ नं नसलेल्या चलाची नोटीस बढती देऊन वॉर्निंग केली. शून्यानं भागलं तर पूर्वी वॉर्निंग देऊन उत्तर 'अनंत' धरलं जायचं, तेही बंद झालं. आता तिथे काम थांबतं. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

या तक्रारींना आकडेही दिलेले आहेत आणि ते मोठे सुरेख आहेत. फेटल एररला १, वॉर्निंगला २, पार्स एररला ४, नोटिशीला ८, असे दुप्पट होत जाणारे. जुन्या वाण्याकडची वजनं आठवा: छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट, त्यामुळे प्रत्येक वजन एकेकदाच वापरून कुठलंही माप तोलता येतं आणि पारड्यात काय काय टाकलंय ते नुसत्या बेरजेवरून ओळखता येतं. इथेही तसंच. बेरीज १० म्हणजे ८ आणि २, नोटीस आणि वॉर्निंग दाखवा. दुसरा अर्थ संभवत नाही. पीएचपी ८.३ पर्यंत अशी पंधरा वजनं होती आणि सगळ्यांची बेरीज ३२७६७. आठव्या आवृत्तीच्या आधी मुळातल्या मापात नोटिशीचं वजन वगळलेलंच असायचं. ज्यानं मुद्दाम सेटिंग बदललं नाही, त्याला नोटीस कधी दिसलीच नाही.

आता ओळीच्या आकड्याबद्दल. प्रत्येक एररच्या शेवटी फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, आणि नवशिका त्या ओळीवर जाऊन तासभर टक लावून बसतो. ओळ तर बरोबर असते! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसा हा प्रकार. चूक जिथे झाली ती जागा इंजिनाला ठाऊकच नसते. आपण जिथे अडखळलो, ती जागा ते सांगतं. चाळिसाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर तक्रार बहुधा एक्केचाळिसाव्या ओळीची येते, कारण तिथला शब्द वाचेपर्यंत आधीचं वाक्य चालूच आहे असं इंजिन समजत असतं. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर ते फाईलच्या टोकापर्यंत वाट पाहतं आणि 'फाईल अचानक संपली' म्हणून शेवटच्या ओळीकडे बोट दाखवतं. पीएचपी ८ पासून ते कंस कुठल्या ओळीवर उघडला होता तेही सांगू लागलं. काम किरकोळ, पण शिकणाऱ्यांचे त्यानं किती तास वाचले असतील!

एका एररनं मात्र मला दोन रात्री जागवलं. तिचा मजकूर साधारण असा: 'हेडरमध्ये बदल करता येत नाही, हेडर आधीच पाठवले गेले आहेत', आणि पुढे कंसात 'आउटपुट अमुक फाईलच्या अमुक ओळीवर सुरू झालं'.

हिचा अर्थ कळायला वेबची टपालपद्धत समजून घ्यावी लागते. ब्राउझरनं पान मागितलं की सर्व्हर जे उत्तर पाठवतो त्याचे दोन भाग असतात. आधी हेडर: हे पान सापडलं की नाही, मजकूर कुठल्या प्रकारचा आहे, ही कुकी जपून ठेव, किंवा इथे नको, त्या दुसऱ्या पत्त्यावर जा. मग एक रिकामी ओळ. मग प्रत्यक्ष पान. क्रम पक्का आहे. पानाचं एक अक्षर जरी बाहेर पडलं, तरी हेडर त्याआधीच रवाना झालेले असतात. पाकीट पेटीत टाकल्यावर पत्ता बदलता येत नाही. म्हणून लॉगिनची कुकी द्यायची असेल, तर त्याआधी कोडनं तोंडातून एक अक्षरही काढता कामा नये.

आम्ही काही मित्र मिळून एका छोट्या दिवाळी अंकाची साइट करत होतो. माझ्या संगणकावर सगळं चाललं, सर्व्हरवर टाकल्यावर लॉगिन होईना. एरर लॉगिनच्या फाईलकडे बोट दाखवत होती. ती फाईल मी चार वेळा नव्यानं लिहिली. दुसऱ्या रात्री कंसातला मजकूर नीट वाचला. त्यात वेगळ्याच फाईलचं नाव होतं: अंकाची मराठी शीर्षकं ज्यात ठेवली होती ती, ओळ पहिली. पहिल्या ओळीवर पीएचपी सुरू करण्याची खूण, दुसरं काही नाही. निदान डोळ्यांना तरी दिसत नव्हतं.

होते ते तीन बाइट. देवनागरी मजकूर टिकावा म्हणून ती फाईल मी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली होती, आणि त्या एडिटरनं 'ही फाईल यूटीएफ-८ आहे' अशी अदृश्य खूण तिच्या डोक्यावर लावून ठेवली होती. तिला बीओएम म्हणतात. एडिटर ती दाखवत नाही, कर्सर तिच्यावर थांबत नाही. पीएचपीच्या लेखी मात्र ती मजकूरच, आणि फाईल उघडताक्षणी तो ब्राउझरकडे रवाना. त्याच सुमारास मराठी साइट करणाऱ्या आणखी दोघातिघांना मी याच खड्ड्यात पडलेलं पाहिलं. इंग्रजीत काम करणाऱ्याला यूटीएफ-८ निवडायची गरजच पडायची नाही, म्हणून हा खड्डा त्याच्या वाटेवर नव्हता.

माझ्या संगणकावर तरी मग का चाललं? तिथे 'आउटपुट बफरिंग' चालू होतं. म्हणजे पान तुकड्यातुकड्यानं न पाठवता काही हजार बाइट साठेपर्यंत धरून ठेवायचं. पाकीट पेटीत पडलंच नव्हतं, त्यामुळे पत्ता खोडून लिहिता येत होता. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' या जगप्रसिद्ध वाक्यामागे बऱ्याचदा असाच एखादा सेटिंगचा फरक असतो. आणि त्या दोन रात्री वाया गेल्या त्या कंस न वाचल्यामुळे. एररचं पहिलं वाक्य सांगतं काय अडलं ते. का अडलं, ते पुष्कळदा शेवटी, कंसात असतं.

आता चुलीत घातलेल्या चिठ्ठ्या. पीएचपीत कुठल्याही आज्ञेआधी ॲटचं चिन्ह लावलं की तिची तक्रार बाहेर येत नाही. संपूर्ण फाईलचंच तोंड बंद करायचं असेल तर अहवालाची पातळी शून्यावर न्यायची, एका ओळीचं काम. साइट गिऱ्हाइकाला दाखवायची आहे, वर पिवळ्या-पांढऱ्या ओळींचा सडा पडलाय, रात्रीचे दोन वाजलेत. हात आपोआप त्या चिन्हाकडे जातो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे अशा वेळी कुणाला आठवतं?

उजाडलं ते २०१५ च्या डिसेंबरमध्ये. डेटाबेसशी बोलायला पीएचपीत 'मायएसक्यूएल_' अशी सुरुवात असलेल्या आज्ञांचा एक जुना संच होता. पुस्तकांत तोच, क्लासमध्ये तोच. २०१३ च्या जूनमध्ये आलेल्या पीएचपी ५.५ नं सांगायला सुरुवात केली की हा संच आता निवृत्त होतोय, पुढे काढला जाईल, त्याऐवजी 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' वापरा. तक्रारीचा प्रकारच वेगळा, 'डेप्रिकेटेड'. तिच्यात कालची चूक नसते, उद्याची सूचना असते. अडीच वर्षं ही सूचना प्रत्येक पानाच्या प्रत्येक भेटीत दिली जात होती. ज्यांनी तोंड बांधून ठेवलं होतं त्यांना ती ऐकूच आली नाही. मग पीएचपी ७ आलं, संच गेला, आणि सर्व्हर अपग्रेड झाल्याच्या दिवशी 'अशी आज्ञाच अस्तित्वात नाही' म्हणत अख्ख्या साइट्स बसल्या. होस्टिंगवाल्यांना शिव्या पडल्या. त्या बिचाऱ्यांचा यात दोष नव्हता.

ॲटचा उपयोग नाहीच असं नाही. तात्पुरती फाईल पुसायची आहे आणि ती आधीच कुणी पुसली असेल तर आपल्याला फरक पडत नाही, अशा जागी तो शोभतो. पण प्रत्येक ॲटशेजारी तो का आहे याची एक ओळ लिहायची सक्ती केली, तर नव्वद टक्के ॲट लाजेनं निघून जातील, असा माझा कयास आहे. पीएचपी ८ पासून निदान फेटल एरर तरी त्या चिन्हाला दबत नाही.

मुद्दाम झाकलेल्या एररहून वाईट म्हणजे जी मुळात येतच नाही ती. मराठीत काम करणाऱ्यानं हे उदाहरण लक्षात ठेवावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. जुनी लांबी मोजणारी आज्ञा १५ सांगते, बहुबाइटी आज्ञा ५ सांगते, आणि शाळेतलं मूल सांगतं तीच तीन अक्षरं हवी असतील तर तिसरीच आज्ञा लागते. आता बातमीचा गोषवारा '५० पर्यंत कापा' असं जुन्या आज्ञेला सांगितलं, तर ती ५० बाइटांवर सुरी चालवते. ५० ला ३ नं भाग जात नाही. नुसती देवनागरी चिन्हं धरली तर सोळा पूर्ण आणि सतराव्याचे दोन बाइट लोंबकळत. हा मोडका मजकूर ॲपकडे पाठवण्यासाठी जेसन या साच्यात रूपांतरित करायला दिला की ती आज्ञा 'फॉल्स' परत देते आणि गप्प बसते. नोटीस नाही, वॉर्निंग नाही. 'फॉल्स' छापलं की पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून ॲपमध्ये बातम्यांची यादी कोरी. कारण विचारायला वेगळी आज्ञा आहे, पण ती कोण वापरतो? २०१८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.३ मध्ये 'जमलं नाही तर बोंब मार' असा पर्याय मिळाला. तो लावल्याशिवाय मी आता जेसनला हात लावत नाही.

बोंब मारायची, पण कुणाच्या दारात? कारागिराची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती पडली की काय होतं ते पाहू. चालू साइटवर फेटल एरर जशीच्या तशी दिसली, तर तिच्यात सर्व्हरवरच्या फोल्डरांचा पूर्ण पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात बहुतेक वेळा खात्याचं नावही. डेटाबेसची एरर असेल तर टेबलांची नावं, कधी अख्खी क्वेरी. चोराला घराचा नकाशाच आयता मिळतो. साइटची परीक्षा घेणारा भामटा पत्त्याच्या शेवटी एक अवतरणचिन्ह टाकून पाहतो आणि एरर उमटते का याची वाट बघतो. उमटली की दार किलकिलं आहे असं त्यानं समजायचं.

म्हणून पीएचपीत दोन स्वतंत्र बटणं आहेत. एक एरर पडद्यावर दाखवायचं, दुसरं लॉगमध्ये लिहायचं. आपल्या संगणकावर दोन्ही चालू. लोकांसमोर पहिलं बंद, दुसरं चालू. दोन्ही बंद केली की उरतं ते कोरं पांढरं पान, ज्याला इंग्रजीत मृत्यूचा पांढरा पडदा म्हणतात. पाहुण्यालाही काही कळत नाही, मालकालाही नाही. वर्डप्रेसनं २०१९ च्या मे महिन्यातल्या ५.२ या आवृत्तीत यावर चांगला तोडगा काढला: पाहुण्याला 'साइटवर गंभीर अडचण आली आहे' एवढंच दिसतं आणि कुठल्या प्लगिननं घोळ घातला ते मालकाला ईमेलनं कळतं. एकाच घटनेची दोन पत्रं, दोन पत्त्यांवर.

लॉगलाही कुलूप लागतं. वर्डप्रेसचा डीबग लॉग मुळात ज्या फोल्डरात तयार होतो ते वेबवरून उघडता येण्यासारखं असतं. जागा बदलली नाही किंवा वाट अडवली नाही, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणीही तो वाचू शकतो. लॉगमध्ये पासवर्ड उतरू नयेत हे तर उघड आहे, पण ते उतरतात. एरर कुठून कुठे आली ते दाखवताना पीएचपी प्रत्येक आज्ञेला दिलेल्या किमतीही लिहू शकते, आणि डेटाबेस उघडण्याच्या आज्ञेला दिलेली किंमत म्हणजे पासवर्डच की. २०२२ च्या डिसेंबरमधल्या ८.२ नं अशा किमतींवर 'नाजूक' असा शिक्का मारायची सोय केली.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे वेगळं कौशल्य आहे. कधी कमी सांगणंच बरोबर असतं. 'या ईमेलचं खातं नाही' आणि 'पासवर्ड चुकला' अशी दोन वेगळी उत्तरं दिली, तर कुणाचं खातं आहे आणि कुणाचं नाही हे परक्याला फुकटात कळतं. म्हणून 'ईमेल किंवा पासवर्ड जुळत नाही' असं एकच मोघम उत्तर देतात. पण हा मोघमपणा सगळीकडे पसरला की 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' होतं. पैसे भरताना हे वाक्य पाहिलेल्याला विचारा. पुन्हा प्रयत्न करायचा म्हणजे पुन्हा पैसे भरायचे का? पहिले गेले की राहिले? त्या जागी 'उत्तर यायला उशीर होतोय, खात्यातून रक्कम वजा झाली असेल तर पुन्हा भरू नका, हा तक्रार क्रमांक जपून ठेवा' असं हवं. तो क्रमांक लॉगमधल्या ओळीशी जोडलेला असला की फोनवर 'साहेब, नेमकं काय दिसलं?' असं दहा वेळा विचारावं लागत नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर एकच शब्दप्रयोग आहे: 'सर्व्हर डाऊन आहे.' दाखल्यांच्या खिडकीवर तोच, बँकेत तोच, रेशन दुकानात तोच. वेबनं खरं तर बारीक भेद करून ठेवलेत. ४०४ म्हणजे मागितलेलं पान नाही. सर्व्हर ठणठणीत आहे, तोच तर उत्तर देतोय. ५०० म्हणजे कोड कोसळला. ५०२ म्हणजे मधल्या सर्व्हरला आतल्याकडून धड उत्तर मिळालं नाही, ५०४ म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. ५०३ म्हणजे आत्ता गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. तिच्यासोबत 'इतक्या वेळानं या' असंही सांगता येतं, जे सहसा कुणी सांगत नाही. (वेब जिथे जन्मलं त्या 'सर्न' संस्थेतल्या ४०४ नंबरच्या खोलीवरून तो आकडा आला, ही गोष्ट रंजक आहे आणि खोटी आहे.) सगळ्यांत खोडसाळ प्रकार म्हणजे पानावर 'क्षमस्व, अडचण आली' आणि हेडरमध्ये २००, म्हणजे सगळं आलबेल. माणूस पान वाचतो, यंत्र हेडर वाचतं. मग सर्च इंजिन ती दिलगिरीच पानाचा मजकूर म्हणून नोंदवून ठेवतं.

कारागिराच्या चुकीची शिक्षा वाचकाला द्यायची, असा प्रयोग एकदा वेबनं जाणूनबुजून करून पाहिला. ब्राउझर स्वभावानं क्षमाशील. टॅग बंद केला नाही, उलटसुलट लावला, तरी तो चालवून घेतो. २००० च्या जानेवारीत आलेल्या एक्सएचटीएमएलमागचा विचार शिस्तीचा होता. काटेकोर पद्धतीनं पाठवलेल्या पानात एक टॅग जरी चुकला तरी ब्राउझर पान दाखवायचाच नाही, त्या जागी एरर. लेख वाचायला आलेल्या माणसाला कुणा अनोळखी प्रोग्रॅमरचा राहिलेला कंस बघायला मिळायचा. बहुतेकांनी ती काटेकोर पद्धत वापरलीच नाही. पुढचं एक्सएचटीएमएल २ तर २००९ मध्ये गुंडाळलं गेलं. २०१४ मध्ये शिक्कामोर्तब झालेल्या एचटीएमएल ५ नं वाट बदलली: चुकीचं एचटीएमएल आलं तर ते सगळ्या ब्राउझरनी एकसारखंच कसं चालवून घ्यायचं, याचेच तपशीलवार नियम लिहिले. चूक शोधायची असेल तर तिच्यासाठी तपासनीस वेगळा, वाचकाला तिचा जाच नाही.

मराठी फॉर्मवरच्या सूचनांची भाषा हा आणखी एक विषय. 'कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा' हे वाचून माझ्या मावशीनं फोन माझ्या हातात दिला. 'मोबाइल नंबर दहा आकडी हवा' एवढं लिहिलं असतं तर तिचं तिनं भरलं असतं. बरं, नंबर दहा आकडीच होता. तिनं तो देवनागरी आकड्यांत टाइप केला होता, कारण तिचा कीबोर्ड मराठी आहे. 'हा आकडा आहे का' ही पीएचपीची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते, तिच्या लेखी ९ हा आकडाच नव्हे. मावशीला डोळ्यांसमोर बिनचूक नंबर दिसत होता आणि यंत्र तो चूक म्हणत होतं. खरं तर इथे एररची गरजच नव्हती. शून्य ते नऊ हे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये ओळीनं एकाशेजारी एक बसलेत. ते इंग्रजीत बदलून घ्यायला कोडची एक ओळ पुरते.

तुमच्या हाताखाली एखादी मराठी साइट असेल, तर आज संध्याकाळी तिच्या फॉर्ममध्ये स्वतःचा नंबर देवनागरीत भरून पाहा, आणि मग एरर लॉग उघडून त्याची शेवटची दहा पानं वाचा.